आजींना खुर्ची दिली, फेर कधी देणार?

दरवर्षी १४ एप्रिलच्या संध्याकाळी आपल्या शहरात एक दृश्य ठरलेले असते. क्रांती चौकातून भडकल गेटकडे मिरवणुका निघतात. पोरे नाचतात, पोरी नाचतात, नव्या सुना मोबाईल उंच धरून नाचतात. आणि कडेला, सरबताच्या मंडपात किंवा बंद दुकानाच्या पायरीवर, पांढऱ्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या बसलेल्या असतात. कोणीतरी आदराने त्यांना प्लास्टिकची खुर्ची आणून दिलेली असते. "आजी, इथंच बसा, गर्दीत येऊ नका." गाणे सुरू होते. ते गाणे नाचणाऱ्या पोरापेक्षा त्या म्हातारीला जास्त पाठ असते. वामनदादा कर्डकांना तिने कंदिलाच्या उजेडात पुढे बसून ऐकलेले असते. खुर्चीखाली तिचा पाय ठेका धरतो. तेवढेच.

आरोग्याच्या या पानावर आम्ही एरवी साखर, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू यांविषयी लिहितो. या वेळी त्या खुर्चीखालच्या पायाविषयी लिहायचे आहे. आमचे म्हणणे असे, की विहारांच्या सभागृहांमधून आठवड्यातले दोन-तीन दिवस तासभर आपल्या आजी-आजोबांना नाचू द्यावे. हो, नाचू द्यावे. शब्द मुद्दाम वापरला आहे. 'हालचाल' किंवा 'व्यायाम' म्हटले असते तर कोणाची हरकत आली नसती, हे आम्हांला ठाऊक आहे.

हरकत कशी येते ते आम्ही अनुभवले आहे. वर्षावास संपल्यानंतर आमच्या वसाहतीतल्या विहारात आम्ही काही जणांनी ज्येष्ठांसाठी रक्तदाब-साखर तपासणी सुरू केली. माणसे आली, दंडाला पट्टा बांधून घेतला, आकडा ऐकला, चहा घेतला आणि भिंतीला टेकून बसून राहिली. शेजारच्या एका मुलीचे फिजिओथेरपीचे शिक्षण चालू आहे. तिने व्यायाम शिकवायला घेतले. पाय उचला, दहा मोजा, पाय खाली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी केले. दुसऱ्या आठवड्यात निम्मी माणसे आली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी, दोन आजी आणि आम्ही. त्यांतल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, हे दहा मोजणं काही मह्याकडून होईना. मोजायलाच कंटाळा येतो." मग त्यांनी आपणहून ओवी धरली. दुसरीने टाळी दिली. पहिलीने पाऊल टाकले. झिम्मा सुरू झाला. मोजायची गरजच उरली नाही, ओवी मोजत होती.

पुढच्या आठवड्यात पंधरा-वीस जणी आल्या. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात समितीची बैठक लागली.

बैठकीत एक वयोवृद्ध उपासक उभे राहिले. आयुष्यभर चळवळीत राहिलेला माणूस, नामांतरासाठी लाठ्या खाल्लेला. ते शांतपणे म्हणाले, "ज्या नाचाच्या चिखलातून बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना बाहेर काढलं, तो नाच तुम्ही विहारात आणताय. एवढंच मला विचारायचंय, का?" सभागृहात कोणी बोलले नाही. आम्हीही नाही. त्या दिवशी आम्हांला उत्तर सुचले नव्हते, आणि जे सुचले होते ते त्या माणसाच्या वयासमोर बोलण्यासारखे नव्हते. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले उत्तर आहे.

पहिली गोष्ट, त्यांचा प्रश्न खरा आहे. आपल्या समाजात नाच-गाणे ही कधीच नुसती हौस नव्हती. गावकीची कामे जशी जातीने वाटून दिली होती, तसे वाजवणे आणि नाचणेही वाटून दिले होते. तमाशाच्या फडात उभ्या राहणाऱ्या बाया कोणत्या वस्तीतून येत, मुरळी म्हणून कोणाच्या मुली सोडल्या जात, हे सांगायला नको. १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर भाषण केले आणि ते जिणे सोडून द्या असे स्पष्ट बजावले. पोटापाण्याचे काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर होताच. तरी त्यांनी सांगितले. इतिहासकार शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ च्या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या वाट्याला आलेली कला आणि कलंक दोन्ही मांडले आहेत. आपल्याच मातीतल्या या लेकीला २०२४ मध्ये अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ज्यांना वाटते की 'नाचात काय एवढं', त्यांनी ते वाचावे. आपल्या आज्यांच्या मनात नाचाबद्दल जी लाज बसली आहे ती उगाच बसलेली नाही. अब्रूने जगण्यासाठी त्यांनी नाच सोडला.

पण बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितले ते नीट पाहिले पाहिजे. कोणाच्या तरी पैशासाठी, कोणाच्या तरी नजरेसाठी, जातीने लादलेले नाचणे सोडायला सांगितले. गाणे-वाजवणे सोडायला सांगितले असते तर आंबेडकरी जलसा उभा राहिला नसता. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातला गण-गौळणीचा आणि शृंगाराचा भाग काढून टाकला, आणि त्याच ढोलकीवर चळवळ गावोगाव नेली. भांडे तेच ठेवून आतले बदलले. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला हातात गज धरून सूर लावावासा वाटला, यात आम्हांला तरी काही विसंगत वाटत नाही.

विहाराच्या बंद सभागृहात, सकाळी सात वाजता, सत्तरीच्या बारा बायका एकमेकींच्या हातावर टाळी देत फेर धरतात तेव्हा बघणारा कोण असतो? कोणी नाही. दौलतजादा करणारा नाही, शिट्टी मारणारा नाही. तो नाच त्यांचा त्यांच्यासाठी आहे. आम्हांला तर वाटते, आपल्या आज्यांना असा नाच आयुष्यात पहिल्यांदाच मिळतो आहे.

आता दुसरी गोष्ट, जी फारशी बोलली जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण जुने सण सोडले. पंचमी सोडली, गौरी सोडल्या. ते योग्यच झाले, त्याबद्दल वाद नाही. पण त्या सणांबरोबर एक वस्तू नकळत घराबाहेर गेली. पंचमीचा झोका, गौरीपुढची फुगडी, झिम्मा, पिंगा. वर्षातले ते चार दिवस बाईच्या अंगाला मोकळे व्हायला मिळत. देव सोडताना खेळही सोडला, आणि त्या जागी बसायला दिले. वंदनेला बसायचे, सूत्रपठणाला बसायचे, प्रवचनाला बसायचे, खीरदानाच्या रांगेत मात्र तेवढे उभे राहायचे. आपल्या धार्मिक जीवनात म्हातारी माणसे किती बसतात, याचा कधी तरी हिशेब करून बघा. फेर हा काही कोणत्या देवाच्या मालकीचा नाही. तो बायकांनी घडवलेला आहे.

आणि बायकांनी तो बाबासाहेबांसाठी वापरलाही आहे. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी केले. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात त्यांनी आपल्या बायकांच्या तोंडून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्यात भीमाच्या आणि बुद्धाच्या ओव्या कितीतरी आहेत. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकायला मिळतात. जाते गेले, मिक्सर आला, ओवी गळ्यात अडकून राहिली. ती बाहेर काढायला जाते परत आणायची गरज नाही, दुसरी एक बाई समोर टाळी द्यायला उभी असली की पुरते.

अष्टशीलाचा मुद्दा राहिला. तो एका बौद्धाचार्यांनी आमच्याकडे मांडला आणि तो आम्ही मान्य केला. पौर्णिमा, अमावस्या, अष्टमीला ज्या उपासिका उपोसथ पाळून अष्टशील घेतात, त्यांच्यासाठी सातव्या शीलात नाच, गाणे, वादन यांपासून दूर राहणे येते. म्हणून त्या दिवशी आमचा फेर बंद असतो. वर्षावासात ज्या आजी तीन महिने काटेकोर नियम पाळतात त्या त्या काळात येत नाहीत, आम्ही बोलावत नाही. पंचशीलात मात्र नाचाचा निषेध नाही. भिक्खूंचा विनय घरच्या म्हातारीला लावायचा असेल तर मग दुपारनंतरचे जेवणही बंद करावे लागेल, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला तो सल्ला आम्ही या पानावरून कधीच देणार नाही.

बौद्ध देशांकडे पाहिले तरी असेच दिसते. जपानात उन्हाळ्यात 'ओबोन' असतो. त्या वेळी गावोगावच्या बुद्धविहारांच्या अंगणात लोक गोल करून नाचतात, त्याला 'बोन ओदोरी' म्हणतात. कथा अशी सांगतात, की महामोग्गल्लानांनी दान देऊन आपल्या आईची दुःखातून सुटका केली आणि आनंदाने ते नाचले, तेव्हापासून हा नाच आला. पावले सोपी, गती संथ, लहान मुलापासून आजीपर्यंत सगळे एकाच वर्तुळात. आईच्या सुटकेचा नाच. आमच्या बैठकीत हे सांगायला हवे होते, पण तेव्हा आठवले नाही.

आता आरोग्याचे बोलू, कारण पान त्यासाठीच आहे.

म्हातारपणी माणसाला सगळ्यात मोठा धोका कशाचा, असे विचारले तर लोक हृदयविकार सांगतात. पडण्याचे कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मरतात, आणि त्यांत साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त. आपल्या घरांत हे आपण पाहतोच. मोरीच्या ओल्या शहाबादी फरशीवर पाय सरकतो, खुब्याचे हाड मोडते, ऑपरेशन होते किंवा पैशाअभावी होत नाही, आजी अंथरुणाला खिळते आणि वर्षभरात जाते. घरचे म्हणतात, "पडायचं निमित्त झालं." ते निमित्त नव्हते, ते कारण होते.

माणूस फक्त सरळ चालतानाच पडतो असे नाही. तो वळतानाही पडतो, मागे सरकताना, कडेला पाऊल टाकताना, कोणीतरी हाक मारली म्हणून मान फिरवताना पडतो. रोज सकाळी फिरायला जाणे चांगलेच, पण फिरण्यात पाऊल फक्त पुढे पडते. फेरात ते पुढे, मागे, आडवे पडते; एका पायावरचा भार दुसऱ्यावर जातो; हात वर जातात तेव्हा तोल पुन्हा सांभाळावा लागतो. शिवाय पुढचे पाऊल कोणते ते आठवावे लागते, गाणे ऐकावे लागते, शेजारणीशी जुळवून घ्यावे लागते. शरीर आणि डोके एकाच वेळी कामाला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगतात, आणि त्यातच आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढवणारे प्रकार करायला सांगतात. झिम्मा आणि हलकी लेझीम हे दुसरे काम फुकटात करतात.

डोक्याबद्दल एक अभ्यास नेहमी सांगितला जातो, तो जपून सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या ७५ वर्षांपुढच्या ४६९ माणसांची अनेक वर्षे पाहणी केली गेली आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. वाचन, पट्टावरचे खेळ, वाद्य वाजवणे आणि नाचणे यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी झालेला दिसला. शारीरिक हालचालींपैकी असा संबंध फक्त नाचाचा दिसला. याचा अर्थ नाचल्याने स्मृतिभ्रंश टळतोच असा नाही. कदाचित ज्यांचे डोके शाबूत होते तेच नाचत राहिले असतील. तरीही पत्ते, वाचन आणि नाच यांपैकी आपल्या निरक्षर आजीला कोणते जमेल, हे सांगायला संशोधक नको.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांसाठी तिथे नर्तक हृषीकेश पवार यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी नृत्यवर्ग सुरू केले. कंपवातात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पुढचे पाऊल उचलत नाही. ताल मिळाला की कित्येकांचे पाऊल उचलते. न्यूयॉर्कमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये असाच उपक्रम सुरू केला होता आणि तो पुढे अनेक देशांत गेला. रोग त्याने बरा होत नाही, गोळ्या चालूच राहतात. पण खुर्चीत आखडून बसलेला माणूस दहा जणांबरोबर हात उचलतो, हसतो. पुण्यात सभागृह, नर्तक, डॉक्टर सगळे होते. आपल्याकडे यातले फक्त सभागृह आहे, आणि त्याला बहुतेक दिवस कुलूप असते.

एकटेपणाचा मुद्दा आम्ही शेवटी ठेवला असता, पण खरे तर तोच आधी हवा. जे १९७८ मध्ये विशीत होते ते आता सत्तरीच्या आसपास आहेत. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला तेव्हा घर जळाले म्हणून गाव सोडून शहरात आलेली माणसे यांतच आहेत. एकोणऐंशीचा लाँगमार्च यांनीच पाहिला, १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या गेटसमोर रडली तीही हीच. सोळा वर्षे ही माणसे एकटी नव्हती. आता आहेत. मुलगा वाळूजला शिफ्टवर, नाहीतर पुण्याला. सून कामावर. नातवंडे मोबाईलमध्ये. चाळीतून किंवा पत्र्याच्या घरातून फ्लॅटमध्ये आल्यावर ओटा गेला, ओट्याबरोबर शेजारीण गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितले, की एकाकीपणाशी जोडलेले मृत्यू जगात तासाला शंभराच्या घरात जातात. आमच्या फेरात येणाऱ्या एक मावशी यापेक्षा साध्या शब्दांत सांगून गेल्या. "चार दिवस झाले, कुणी हाताला हात लावला नव्हता." विधवेला, विधुराला स्पर्श कोण करतो? डॉक्टर करतो, तोही पट्टा बांधण्यापुरता. झिम्म्यात दर दोन क्षणांना समोरचीचा तळहात लागतो.

एकत्र एका तालात हलल्याने माणसे जवळ येतात, यावरही काम झाले आहे. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना एकाच लयीत नाचायला लावले तर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढली आणि गटाबद्दल आपलेपणा वाटला, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळले. मोर्च्यात चाललेल्या माणसाला हे नवीन नाही.

पुरुषांचे काय? ते येत नाहीत. निवृत्त गुरुजी, एसटीतले, नगरपालिकेतले, सगळे चौकातल्या बाकावर बसून राजकारण बोलतात. बायको गेलेला माणूस तर पूर्ण मिटून जातो. त्यांना झिम्म्याला बोलावले तर ते हसतात. लेझीम काढली तेव्हा दोघे आले. मग चौथ्या दिवशी तेच, बैठकीत प्रश्न विचारणारे उपासक, दारात उभे राहून ठेका बरोबर नाही म्हणून सांगू लागले. आत काही आले नाहीत. पण बाहेरून चूक दुरुस्त करत होते, आणि चूक खरोखरच होती.

कोणी सुरू करणार असेल तर काही गोष्टी जरूर पाळाव्यात. फुगडी नको. गरगर फिरल्याने साठीनंतर चक्कर येते आणि हात सुटला तर दोघी पडतात; एवढ्या एका खेळाला आम्ही ठाम नाही म्हणतो. ओल्या फरशीवर नको, पायांत गुळगुळीत मोजे नकोत, साडीचा काठ घोट्याच्या वर. ज्यांचा तोल कमी आहे त्यांनी भिंतीजवळ किंवा जड खुर्चीची पाठ धरून करावे. बसूनही होते, टाळ्या आणि पायाचा ठेका खुर्चीत बसून नीट जमतो. श्रमाचे माप सोपे आहे. बोलता यावे, पण गाताना धाप लागावी. बोलताही येईना तर थांबावे. छातीत दुखणे, डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, असे काही झाले तर त्याच क्षणी बसावे आणि दवाखाना गाठावा. 'गाणं संपू दे' असे म्हणू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी येऊ नये, आणि कोणाच्या तरी पिशवीत साखर असावी. छातीचे किंवा सांध्याचे ऑपरेशन नुकतेच झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नये. लेझीम लाकडी दांड्याची, जड असते. खांदा धरलेल्या माणसाने रिकाम्या हाताने करावी.

आणखी एक तपासणी घरीच करता येते. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. अशा माणसाला फेरापासून दूर ठेवू नये, त्याला तर आधी घ्यावे, फक्त शेजारी एक धडधाकट माणूस उभा करावा. नातू चालेल. मोबाईल खिशात ठेवून.

वेळ सकाळची ठेवावी. आपल्याकडचा एप्रिल-मे सांगायला नको. पण सकाळच्या वेळेत एक अडचण आम्हांला आली, ती कोणत्याही परदेशी पुस्तकात नाही. नळाला पाणी ज्या दिवशी येते त्या दिवशी एकही आजी येत नाही. आठ-आठ दिवसांनी येणारे पाणी भरायचे सोडून झिम्मा कोण खेळेल? जायकवाडी उशाला आणि घसा कोरडा अशी आपली गत. म्हणून आमचा वार ठरलेला नाही. पाणी येऊन गेले की दुसऱ्या दिवशी फेर.

खर्च म्हणाल तर काहीच नाही. आणि जो आहे तो कुठून काढावा, हे सांगताना आम्ही काही जणांचा राग ओढवून घेणार आहोत. जयंतीच्या वर्गणीतला मोठा वाटा डीजेवर जातो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे आणि त्या भिंतींसमोर उभे राहिले की काळीज हलते. हृदयविकार असलेल्या, श्रवणयंत्र लावणाऱ्या माणसाला मिरवणुकीतून हाकलून लावायचे असेल तर याहून चांगला उपाय नाही. म्हणजे वर्गणी आजोबांनीही द्यायची आणि खिडक्या लावून घरातही त्यांनीच बसायचे. तरुणांचा उत्साह आम्हांला खुपत नाही. आम्हीही त्या वयात नाचलो आहोत, हलगीवर. पण त्या पैशातून लेझमीचे दहा जोड, चार जड खुर्च्या आणि रक्तदाबाचे एक यंत्र प्रत्येक विहाराला येईल. ते वर्षभर चालेल.

समित्यांना आमचे मागणे एवढेच आहे. सभागृहाची चावी एका आजीकडे द्या. समितीच्या सदस्याकडे नको, तो कामाला जातो. पौर्णिमा-अष्टमी सोडून तासभर दार उघडू द्या. बुद्धमूर्तीपुढचा पडदा लावायचा की नाही यावर भांडण करू नका. आमच्याकडे लावतात, शेजारच्या वसाहतीत लावत नाहीत, दोन्हीकडे काही बिघडलेले नाही. आणि येत्या १४ एप्रिलला सकाळी सातला, ऊन आणि डीजे दोन्ही सुरू होण्याआधी, भडकल गेटला अभिवादन करायला साठीच्या पुढचे एक लेझीम पथक जाऊ द्या. मोजकी पावले, मध्ये दोनदा बसायला खुर्च्या, सोबत पाणी.

आमच्याकडे तालीम सुरू झाली आहे. सध्या अकरा आजी, तीन आजोबा आणि दारात उभे राहून ठेका सांगणारे एक उपासक एवढे जण आहेत. पुढची तालीम परवा सकाळी, पाणी उद्या आले तर.